इष्टलिंग कुणी धरायचं

नांदेडहून एसटी सुटल्यापासून मी मनात प्रार्थना रचत होतो. लोह्यापर्यंत प्रस्तावना झाली. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी आजारी माणसाच्या धीराविषयीच्या भागात होतो. चाकूर मागे पडेपर्यंत ती प्रार्थना इतकी देखणी झाली की, व्याहीणबाईंचं हाड मोडलं नसतं तर ही वाया गेली असती, असा एक पापी विचार माझ्या मनात येऊन गेला. पास्टर माणसाच्या मनात असले विचार येत नाहीत, असं चर्चच्या मंडळीतल्या लोकांना वाटतं. वाटू द्यावं.

शेजारी नीला खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. माझ्या बायकोला प्रार्थनेची तयारी लागत नाही. मेथी निवडताना, नळाला पाणी यायची वाट बघताना ती देवाशी बोलत असते.

"काय मागून राहिलीस?" मी विचारलं.

"शिवाताईला भ्या वाटू नये म्हणून."

"तेवढंच?"

"तेवढं झालं तरी लई झालं."

शिवाताई म्हणजे शिवगंगाबाई, आमच्या सुनेची, सुकन्याची आई. न्हाणीत पाय घसरून त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दुपारी ऑपरेशन होतं. सुकन्या आदल्या दिवशीच लातूरला गेली होती, आणि शमुवेल, आमचा मुलगा, लेकराला सांभाळत नांदेडला थांबला होता.

शमुवेल आणि सुकन्याचं लग्न, त्यातली रडारड, रजिस्टर ऑफिसच्या पायऱ्यांवर तिच्या वडिलांनी, बसवंतअप्पांनी, माझ्याकडे न बघता मला घातलेला नमस्कार, हे सगळं आता जुनं झालं आहे. ते लिंगायत, लातूरच्या मार्केटात तुरीचे व्यापारी. आम्ही ख्रिस्ती, आणि मी तर त्यातला पगारी. लग्नानंतर आम्ही दोघा व्याह्यांनी एकमेकांना एकेक ग्रंथ भेट दिला. मी त्यांना आमचं पवित्र शास्त्र दिलं, जरीच्या कापडात बांधून. त्यांनी मला त्यांच्या संतांची, शरणांची, वचनं दिली, त्याहून भारी कापडात. दोन्ही ग्रंथ आजही दोन्ही घरांत कपाटाच्या वर सुखरूप आहेत. कापडं तेवढी बायकांनी काढून घेतली.

आणि त्या कापडांवरूनच बायकांचं बोलणं सुरू झालं. शिवगंगाबाईंनी एक दिवस फोन करून विचारलं, "आमच्या कापडाचं काय केलंत हो?" नीला म्हणाली, "बाळाचं झबलं शिवायचं चाललंय." पलीकडून हसणं ऐकू आलं, "अगं बाई, मी बी तेच करून राहिले." पुढे रोज फोन व्हायला लागला. सकाळी शिवगंगाबाईंची पूजा आटोपली, गळ्यातलं इष्टलिंग परत चांदीच्या डबीत गेलं, की त्या भाकरी थापता थापता नीलाला फोन लावायच्या. मल्लिनाथचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, लग्न जमत नाही, अप्पांचं बीपी वाढलं, देवणीहून आणलेली गाय खात नाही, असं सगळं सांगून व्हायचं. शेवटी नीला म्हणायची, "थांबा, येशूजवळ मागू." मग स्पीकरवर इकडून प्रार्थना आणि तिकडून भाकरीची थापथाप.

मला याचा हेवा वाटायचा, हे सांगून टाकतो. आयुष्यभर मी सुवार्ता सांगत फिरलो. मुखेडच्या बाजारात, एसटीत, दवाखान्यात पत्रिका वाटल्या. एकदा लोह्याच्या स्टँडवर शेंगदाणे घेतले, तर पुडी माझ्याच पत्रिकेची निघाली. मी ती उघडून पुन्हा वाचली. लिहिली चांगली होती. नीलानं मात्र कुणाला कधी पत्रिका वाटली नाही, आणि विहिरीवरच्या त्या परजातीच्या बाईची गोष्ट, जिच्याकडे येशूनं पाणी मागितलं, ती शिवगंगाबाईंना फोनवर सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, "मग दिलं का तिनं पाणी?" नीलानं मला विचारलं. मी शास्त्र उघडून बघितलं. पाणी दिलं की नाही ते लिहिलेलंच नाही. या गोष्टीवर मी किती उपदेश केले असतील, पण तहानलेल्या माणसाला शेवटी पाणी मिळालं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

दवाखान्यात पोचलो तेव्हा खोलीत आधीच वाद पेटला होता. सिस्टर हातात हिरवा गाऊन घेऊन उभी होती.

"गळ्यातलं काढावं लागेल, आजी. आत करंटची मशीन असते. साधा धागासुद्धा चालत नाही."

"ते गळ्यातलं न्हाई," शिवगंगाबाई म्हणाल्या. "ते माझं लिंग हाय. ते निघालं म्हंजे मी निघाले."

लहानपणी दीक्षा झाल्यापासून ते लिंग त्यांच्या अंगावर होतं. ते देहापासून दूर करायचं नाही, आणि जमिनीवर तर कधीच ठेवायचं नाही. मी हे पुस्तकात वाचलं होतं. त्यांच्या मुठीकडे बघितल्यावर कळलं की पुस्तकातलं मला फारसं कळलेलं नव्हतं.

"अव्वा, मी धरतो ना," मल्लिनाथ म्हणाला. त्याच क्षणी त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो कानाला लावला, "तुरीचं नंतर बोलू," म्हणाला आणि ठेवला. लगेच दुसरा वाजला.

"हाव, तू धर," शिवगंगाबाई म्हणाल्या. "सौदा आला की लिंगच कानाला लावशील."

मल्लिनाथनं मला नंतर सांगितलं की त्याला राग आला तो आईचा नाही, त्या दुसऱ्या फोनचा. भाव पडला होता.

बसवंतअप्पा पुढे झाले. "माझ्याकडं दे. मी नवरा हाय तुझा."

"तुम्हाला बसल्या जागी झोप लागती. हातातून पडलं म्हंजे?"

"मग मी, आई," सुकन्या म्हणाली.

"तू रडत बसशील अन् सारखी दाराशी जाशील. अगं, लिंग धरायचं म्हंजे मन धरावं लागतं. आपल्या घरात मन धरून बसणारं कुणी न्हाई, हे मला आज कळून राहिलंय का?" त्यांनी मान वळवली. दारात आम्ही उभे होतो. "नीलाअक्का आली. तिच्या हातात देते. न्हाईतर मला घरी न्या, मी हातरुणातच मरते."

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की या वयात हाड तसंच राहिलं तर बाई पुन्हा उठायच्या नाहीत, आणि न उठणारं माणूस फार दिवस काढत नाही. सिस्टरनं घड्याळाकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी नीलाकडे बघितलं.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं, केवढी ही येशूची साक्ष. येत्या रविवारी उपदेशाला हाच विषय. दुसऱ्यांदा आलं, माझ्या मंडळीचे पंच काय म्हणतील. पास्टरची बायको दुसऱ्यांचा देव हातात घेऊन बसली, हे ऐकून त्यांनी मला फाटकाबाहेर काढलं असतं, आणि त्यांचं चुकलंही नसतं. मूर्तीपुढे वाकू नये, हे त्यांना मीच शिकवलेलं. तिसरा विचार व्याहीणबाईंच्या हाडाचा आला. क्रम हाच होता.

अप्पांनी मला आणि मल्लिनाथला बाहेर नेलं आणि उदगीरला त्यांच्या जंगमांना, म्हणजे घराण्याच्या गुरूंना, मन्मथस्वामींना, फोन लावला. स्पीकर सुरू केला.

"दीक्षा न झालेल्याच्या हातात द्यायची सोय शास्त्रात न्हाई," स्वामी म्हणाले. अप्पांनी माझ्याकडे विजयानं बघितलं. खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं. एखाद्या जंगमानं माझी नोकरी वाचवावी, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"पण खुब्यात लोखंडी सळई घालायची बी सोय शास्त्रात न्हाई," स्वामी पुढे म्हणाले. "धरणार कोण हाय?"

"पास्टरची बायको."

स्वामींनी विचारलं, "रोज सकाळी फोनवर प्रार्थना करती, ती का?"

"तुम्हाला काय माहीत?" अप्पा म्हणाले.

"माझ्या नातवाच्या परीक्षेला शिवगंगानं तिच्याकडून करून घेतली होती. पास झाला तो. लिंग बाईचं हाय, अप्पा. बाईला ठरवू द्या." आणि फोन बंद झाला.

बसवंतअप्पांनी फोन खिशात टाकला. त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी मला पुढे खूप दिवसांनी सांगितलं, म्हणून लिहितो. त्यांना धर्माची भीती नव्हती. एवढी वर्षं संसार केला, आणि हातात जीव द्यायची वेळ आली तेव्हा बायकोनं आपलं नाव घेतलं नाही, हे त्यांना लागलं होतं. पण असं उघड बोलणारा माणूस लातूरच्या मार्केटात टिकत नाही. म्हणून ते तरातरा नीलापाशी गेले आणि म्हणाले, "तुम्ही तिला बाटवायला बघून राहिलात का? खरं सांगा."

सुकन्या म्हणाली, "अप्पा, कामून असं बोलून राहिलात?"

"बोलू दे त्यांना," नीला म्हणाली. "हे बघा, मी शिवाताईसाठी रोज येशूजवळ मागते. लपूनछपून न्हाई, त्यांच्या कानावर मागते. माझा येशू त्यांना भेटावा असं मला वाटतं. वाटणारच. चांगली वस्तू मैत्रिणीला द्यावी वाटती. पण घ्यायचं न घ्यायचं त्यांच्या हातात. मी ओढून न्हाई नेत. तुमच्यासाठी बी मागते."

"माझ्यासाठी काय?"

"बीपी."

अप्पांचं बीपी खरोखर उतरलं होतं, पण ते त्यांनी गोळीच्या नावावर मांडून ठेवलं होतं.

मी नीलाला जिन्यापाशी ओढलं. "नीला, हे आपल्याला चालतं का?"

"तुम्ही पास्टर. तुम्ही सांगा."

मी घसा खाकरला. एक बाजू अशी होती, आणि दुसरी बाजू तशी होती, आणि दोन्हींना आधार होता. नीला ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी पूजा करणार न्हाई. मैत्रिणीची वस्तू सांभाळणार हाय. तिला आत एकटीला भ्या वाटतंय अन् तुम्ही मला दोन बाजू सांगून राहिलात." आणि ती खोलीत गेली.

शिवगंगाबाईंच्या खाटेपाशी बसून तिनं आधी एकच गोष्ट सांगितली. "ताई, मी माझ्या येशूचंच नाव घेईन हां. तुमचा मंत्र मला येत न्हाई."

"ठाऊक हाय. येत न्हाई तर येतो म्हणून सांगितलं न्हाई तुम्ही, म्हणून तर देऊन राहिले."

त्यांनी डबीतून लिंग काढलं आणि डोळे मिटून कपाळाला लावलं. मग सुकन्यानं नीलाच्या डाव्या तळहातावर पांढरं धुतलेलं कापड ठेवलं आणि शिवगंगाबाईंनी त्यावर ते ठेवलं. त्यांचा गळा एकदम रिकामा दिसायला लागला. त्यांनी पदर ओढून घेतला. स्ट्रेचर निघालं तेव्हा त्या छताकडे बघत होत्या, रडत नव्हत्या. रडत होतो तो मी, आणि ते बघून सिस्टर मला म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाजूला बसा."

ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर नीला बसली. डावा हात छातीशी, उजवा त्याच्यावर, डोळे मिटलेले. अप्पा तिच्या शेजारी पहारा द्यायला बसले आणि बायकोनं सांगितलं होतं त्याप्रमाणे थोड्या वेळात झोपले. मल्लिनाथ रक्ताच्या पिशवीसाठी धावला होता, सुकन्या खाली औषधांच्या रांगेत होती. मी उभा होतो. बसमधली ती देखणी प्रार्थना मी दोनदा सुरू केली, पण ती माझ्याच कानांना भाषणासारखी लागली.

तेवढ्यात जिन्यातून याकोबमामा वर आले. आमच्या मंडळीचे पंच. मुलगी लातूरला दिलेली, तिच्याकडे आले होते. त्यांना कुणी बोलावलं, असं कुणी विचारील, तर मीच. आदल्या रात्री मंडळीच्या ग्रुपवर मी लांबलचक संदेश टाकला होता, की आमच्या इतरधर्मीय व्याहीणबाईंसाठी प्रार्थना करा, देव मोठं द्वार उघडत आहे. दवाखान्याचं नावही टाकलं होतं.

"कसं हाय बाईचं?" मामा म्हणाले. हातात पेरूंची पिशवी होती. मग त्यांची नजर नीलाच्या हाताकडे गेली.

नीलानं डोळे उघडले. तिच्या मनगटाला जुनं दुखणं आहे, हात असा उचलून धरला की बोटं आखडतात. तिनं अप्पांकडे बघितलं. ते घोरत होते. मग ती मला म्हणाली, "धरा हो जरा. बोटं उघडंनात. पडंल ते."

आता माझ्यासारख्या माणसाचं काय होतं ते सांगतो. पंच समोर उभे असताना माझ्या डोक्यात एका क्षणात तीन बचाव तयार झाले, तिन्ही चांगले. एकात तर मी मामांनाच आध्यात्मिक प्रश्न विचारणार होतो. आणि त्यातला एकही ओठांवर यायच्या आत मी हात पुढे केला होता. नीलाचा हात खाली येत होता, त्यात विचार करायला जागाच नव्हती. कापडासकट ते माझ्या तळहातावर आलं. गुळगुळीत होतं, आणि नीलाच्या हातानं ऊबदार झालेलं.

"पास्टर," मामा म्हणाले, "काय धरलंय ते?"

"आमच्या व्याहीणबाईंचं इष्टलिंग."

"तुम्ही धरलंय."

"हाव. नीलाचा हात आखडला."

मामांनी माझ्याकडे बघितलं. वाईट माणूस नाही तो. आमच्या आजारपणात रात्र रात्र बसलेला आहे. म्हणूनच त्यांचा चेहरा बघवला नाही. "रविवारी बोलू," एवढंच ते म्हणाले. पेरू बाकावर ठेवले आणि जिना उतरून गेले.

मी बसलो. शेजारून आवाज आला, "तुमचा माणूस रागावून गेला का?" अप्पा जागे होते. कधीपासून, कोण जाणे.

"हाव."

"नोकरी जाईल का?"

"जाईल असं दिसतंय."

अप्पांनी विचार केला. "मग दुकानावर येऊन बसा. तुरीतलं कळतं का काही?"

"न्हाई."

"हरभऱ्यातलं?"

"न्हाई."

"मग अवघड हाय," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं माझा कोपर त्यांनी आपल्या हातानं खालून तोलून धरला. आम्ही तसेच बसलो. मी मनात म्हणालो, बापा, हिला भ्या वाटू देऊ नको. एवढंच म्हणत राहिलो. नीलाची बोटं सैल झाली तेव्हा तिनं ते परत घेतलं.

ऑपरेशन चांगलं झालं. शिवगंगाबाईंना खोलीत आणलं, तेव्हा त्यांच्या ओठांना कोरड पडली होती आणि जीभ जड होती. डोळे उघडल्या उघडल्या हात गळ्याकडे गेला. नीलानं लिंग त्यांच्या मुठीत दिलं, सुकन्यानं ते डबीत ठेवून दोरा बांधला. मल्लिनाथनं फोन बंद करून खिशात टाकला. हे मी स्वतः बघितलं.

"काय मागितलंत?" शिवगंगाबाईंनी नीलाला विचारलं.

"तुमची भीती जावी म्हणून."

"गेली होती. आत त्यांनी दिवा लावला तवा वाटलं, कुणीतरी हात धरलाय. तुमचा म्हणावा तर तुम्ही बाहेर." त्या दमून थांबल्या. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "पास्टरसाहेब, तुमची ती प्रार्थना करा आता. फोनवर कायम अक्काचीच ऐकते. तुमची ऐकायची हाय."

आयुष्यभर मी या एका वाक्याची वाट बघितली होती. परक्या घरच्या माणसानं आपण होऊन म्हणावं की प्रार्थना करा. स्टँडवर, बाजारात, एवढ्या पत्रिका वाटून कुणी म्हटलं नाही. मी उभा राहिलो, हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणालो, "हे प्रेमळ स्वर्गीय बापा."

पुढे काही येईना. नाक वाहायला लागलं. प्रस्तावना नाही, धीराचा भाग नाही, काही नाही. सगळे वाट बघत होते. मी पुन्हा म्हणालो, "हे प्रेमळ स्वर्गीय बापा," आणि पुन्हा तिथंच अडकलो. गॅदरिंगमध्ये भाषण विसरलेल्या पोरासारखी माझी गत झाली.

तेव्हा बसवंतअप्पा माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "शिवगंगाला बरं कर, म्हणा."

"शिवगंगाला बरं कर," मी म्हणालो.

"तिचा पाय पहिल्यासारखा चालू दे."

"तिचा पाय पहिल्यासारखा चालू दे."

"नीलाबाईच्या मनगटाचं बी बघ."

मी तेही म्हणालो. मग अप्पा थांबले. मला वाटलं, संपलं, आणि मी हात खाली घेऊ लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"अन् शेवटी तुमच्यात कुणाच्या नावानं मागितलं ते सांगतात ना, ते राहिलं. रोज भिंतीपलीकडून ऐकतो मी. म्हणा ते. अर्धवट सौदा मला आवडत न्हाई."

मी येशूचं नाव घेतलं, आणि आमेन म्हणायला तोंड उघडलं तोवर दोघी व्याहिणी ते म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.